तारेच्या वाटेवरचे खडे

रिना मशीनच्या खोलीत गेली ती कूलरमध्ये पाणी टाकायला. दुसरं काही कारण नव्हतं.

वैशाखाचं ऊन कुरखेड्यावर उभं होतं. कावळासुद्धा चोच उघडी टाकून कडुनिंबात बसलेला. दवाखान्याच्या आवारात माणूस म्हणून दिसत नव्हता. सकाळचे पेशंट गेलेले, नर्सबाया जेवून पंख्याखाली आडव्या झालेल्या, डायवर इतवारी जीपच्या सावलीत सतरंजी टाकून घोरत पडलेला. आपल्या भागात अशी दुपार रात्रीपेक्षा वाईट. रात्री निदान कुत्री भुंकतात, कुठे कोणी खोकतं, तळ्यावर बेडूक ओरडतात. डोक्यावर ऊन आलं की काहीच वाजत नाही, आणि माणसाची सावली त्याच्याच पायाखाली शिरून बसते. जुनी माणसं लेकरांना म्हणूनच बजावत, की या वेळी नाल्याकडे जाऊ नका.

दवाखाना एका संस्थेचा होता. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. जंगलातल्या गावागावात संस्थेची उपकेंद्रं, प्रत्येक उपकेंद्रात एक कॉम्प्युटर, एक फोन, आणि ते चालवणारी गावचीच एक पोरगी. दिवस कलला की या पोरी फोनची तार कॉम्प्युटरला लावत आणि गावातलं दुखणंखुपणं कुरखेड्याला पाठवत. कोणाला थंडीताप, कोणाचे दिवस भरत आले, कोणाला साप लागला. ते सगळं या खोलीतल्या मोठ्या मशीनवर उतरे. त्याला सर्व्हर म्हणत. सर्व्हर म्हणजे जशी पाटलाची ओसरी, कोणाचाही निरोप आधी तिथे टेकायचा, मग पुढे जायचा. तो निरोप वाचून दुसऱ्या पहाटे औषधांची जीप सुटायची. ही ओसरी सांभाळायचं काम रिनाकडे होतं.

तिने बादली कूलरच्या टाकीत ओतली आणि वळली, तर मोडेमचा दिवा लुकलुकत होता. मोडेम म्हणजे फोनच्या तारेतून आलेलं मशीनला समजावून सांगणारी डबी. दिवा लुकलुकला म्हणजे बाहेरून कोणीतरी आलं. पण या वेळी कोण येणार? पोरी तर दिवस कलल्यावर येतात.

दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

खोलीत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास होता. त्याच्याखाली, तळाशी, आणखी एक वास होता. नाल्यात कुजलेल्या पाल्याचा, आणि त्यात काहीतरी कच्चं.

रिना खुर्चीवर बसली आणि शोधायला लागली. मशीनमध्ये शिरायचं तर नाव सांगावं लागतं, परवलीचा शब्द सांगावा लागतो. हे जे येत होतं ते नाव सांगतच नव्हतं. मशीन नवीन होतं तेव्हा तपासणीसाठी बाजूला एक पाहुण्यांचं दार करून ठेवलं होतं आणि पुढे सगळे ते विसरले होते. त्या दारातून ते यायचं, काहीतरी ठेवायचं आणि जायचं. काय ठेवतं ते तिने पाहिलं. एका कोपऱ्यात फायलींचा ढीग साचला होता. एक उघडली, रिकामी. दुसरी उघडली, तीही रिकामी. आत काडीचं काही नाही, वर फक्त नाव. सगळ्यांवर एकच नाव, प्रफुल.

प्रफुल म्हणजे तिच्या आधी याच खुर्चीवर बसणारा माणूस. गावोगाव मोटरसायकलवर फिरून हे कॉम्प्युटर त्यानेच लावले, तारा त्यानेच ओढल्या, पोरींना त्यानेच शिकवलं. मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जांभुळटोल्याहून परत येताना तो भर दुपारी हिरडीच्या नाल्यावर पाणी प्यायला वाकला, आणि वाघाने त्याला नेलं. मोटरसायकल काठावर तशीच उभी होती, किल्ली लागलेली, चपला जोडीने काढून ठेवलेल्या.

खोली सोडून पळावं असं रिनाच्या पायांना वाटलं, रिनाला नाही. तिच्या आज्याने चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली घरातले देव तळ्यात सोडले होते, आणि बाप श्रीहरी मास्तर पोरांना सांगायचा, भूत माणसाच्या डोक्यात राहते, अन् डोकं आपलं आहे. प्रफुलच्या मागे इतवारीने या खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली होती. रिनाने कामावर आल्या दिवशीच ती सोडली. लिंबू बिचारं ताजं होतं, तिने त्याचं सरबत केलं आणि इतवारीलाच पाजलं.

तशी ती उठली आणि सरळ बोढे साहेबांकडे गेली. बोढे साहेब दवाखान्याचे व्यवस्थापक, वरोऱ्याचे. अंगाने भारी, जीव मात्र चिमणीचा. सगळ्यांना बेटा म्हणत, कोणाचं वाईट करत नसत, पण भ्याले की त्यांच्यासारखा वाईट माणूस नाही. आणि जंगलात बंदूकवाले दडलेले ते दिवस भिण्याचेच होते. जंगलातून आलेला कागदाचा कपटा लोक दोनदा वाचत, आणि तिसऱ्यांदा पोलीस.

सगळं ऐकून त्यांनी हातरुमालाने मान पुसली.

"रिकामं पाकीट कोणी उगाच पाठवत नाई, बेटा. हा इशारा आहे कोणाचा तरी. उद्या ठाण्यातून कोणी येऊन विचारलं तं मी काय सांगू?"

रिना म्हणाली, आधी कोण पाठवते ते तरी पाहू. साहेब म्हणाले, पाहा, पण उद्या दुपारपर्यंत. नाव मिळालं नाही तर ते सगळ्या उपकेंद्रांच्या पोरींची नावं ठाण्यात देणार आणि उपकेंद्रांना कुलूप लावणार. संस्था राहिली तर आपण राहू.

त्या भागात ठाण्यात गेलेलं नाव कसं असतं ते रिनाला ठाऊक होतं. आत जाताना एका दिवसात जातं, बाहेर यायला जन्म लागतो. आणि पावसाळा तोंडावर होता. उपकेंद्रं बंद झाली तर नाल्यापलीकडे कोणाला साप लागला हे कुरखेड्याला कळायचं ते तेरवीलाच.

"नाव सापडलं तरी देईनच असं नाई, साहेब," ती म्हणाली.

"तुयी जबान पाह्य," साहेब म्हणाले, आणि फोनकडे हात नेला.

कुठल्या फोनवरून कोण आलं ते मशीन लक्षात ठेवतं. रिनाने ते पाहिलं. फोन परके नव्हते. सगळे आपल्याच उपकेंद्रांचे होते. रोज पहिला जांभुळटोल्याचा, मग बाकीचे, एकामागून एक. तिने कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या पहाटे औषधांच्या जीपमध्ये इतवारीच्या बाजूला जाऊन बसली.

हिरडीच्या नाल्यावर इतवारीने जीप थांबवली. उतरला, सागाची एक डहाळी मोडली, पात्रातला एक खडा उचलला. काठावर कंबरेएवढा ढीग झाला होता, दगडांचा आणि वाळल्या डहाळ्यांचा. इतवारीने त्यावर खडा ठेवला, डहाळी ठेवली, आणि पाठ फिरवून सरळ जीपमध्ये येऊन बसला. मागे पाहिलं नाही. हे काय म्हणून रिनाने विचारलं, तर नाला ओलांडेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

मग म्हणाला, "वाघानं नेला तो माणूस तिथीच बसून राह्यते, बाई. त्याच्यावर वजन पाह्यजे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक-एक खडा टाकाचा. आपलं नाव नाई सांगाचं, मांगं नाई पाहाचं."

"अन् नाई टाकला तं?"

"मंग उठते. अन् जे गेले त्याईच्या मांगं मांगं चालते, त्याईच्या घरापावतर."

जांभुळटोल्याच्या उपकेंद्रात सुकरी ओट्यावर बसून वाळलेली मोहफुलं निवडत होती. पंचविशीची, अंगाने काटकुळी, बोलायला लागली की कोणाला ऐकायची नाही. पण रिनाने पाहुण्यांच्या दाराचं नाव काढलं तसे तिचे हात थांबले.

रिनाने तिला साहेबांचं सगळं सांगितलं. पोलिसांचं सांगितलं. मग तिला नाल्यावरचा ढीग आठवला, आणि मशीनच्या कोपऱ्यातला फायलींचा. म्हणाली, "अवो, मशीनमधी कोणी खडे टाकते का?"

"मंग कुठी टाकू?" सुकरी म्हणाली. "नाला माया वाटेत पडत नाई. मी रोज कुरखेड्याले जातो ते तारेच्या वाटेनं. ते वाट कोणं पाडली? प्रफुलभाऊनं. ज्याची वाट, त्याच्यावर खडा टाकाच लागते."

सुकरीने हळूहळू बाकीचं सांगितलं. तो गेला त्याच वेळी, डोक्यावर ऊन आलं की, ती एक रिकामी फाइल टाकायची. खडा आतून रिकामाच असतो, वर नुसती त्याची आठवण. तिचं पाहून बाकी पोरींनीही सुरू केलं. आपलं नाव कोणी सांगत नव्हती, कारण नाव सांगून खडा टाकला तर तो नावाने ओळखतो. म्हणून ते पाहुण्यांचं दार.

रिनाला हसू आलं आणि डोळे भरूनही आले. एवढा मोठा इशारा, आणि निघाला काय, तर दुखवटा. ती उठली, म्हणाली, मी साहेबांना समजावते, तू घाबरू नको.

सुकरीने तिचा हात धरला. हात थंड होता.

"घाबरली नाई मी. पण दार बंद नका करू, बाई. तो उठन..."

रिना कुरखेड्याला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर यायला थोडंच उरलं होतं. साहेब मशीनच्या खोलीतच होते. नागपूरच्या इंजिनियरला फोन लावून, तो सांगेल तसं करून, त्यांनी सकाळीच पाहुण्यांचं दार बंद करून टाकलं होतं. खिशात पोरींच्या नावांचा कागद होता, घडी घातलेला.

रिनाने सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आणि म्हणाले, ठाणेदाराला मी खडे सांगू? त्यांचंही खोटं नव्हतं. ती म्हणाली, मग बसा इथेच, कोण येतं ते डोळ्यांनी पाहा. साहेबांनी स्टूल ओढलं. रिना खुर्चीवर बसली.

मोडेमचा दिवा लुकलुकला. जांभुळटोला. दाराला हात लावला, दार बंद, परत गेली. मग दुसरं गाव, मग तिसरं. आल्या, धक्का दिला, परतल्या. साहेबांनी मान हलवली, पाहिलंस, म्हणाले, बंद दार म्हणजे बंद दार.

मग सगळं शांत झालं. कूलर घरघरत होता, पण त्याची हवा लागेनाशी झाली.

वास आला. वाळ्याच्या खालून वर आला आणि खोलीभर झाला. कुजलेला पाला, ओली रेती, आणि ते कच्चं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. उंदीर मेला का काय, म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

दिवा लागला. लुकलुकला नाही, लागूनच राहिला.

रिनाने वाकून फोनची तार भिंतीतून उपटली. तारेचं टोक तिच्या हातात होतं आणि दिवा तसाच जळत होता.

आत कोण आहे असं मशीनला विचारता येतं. तिने विचारलं. पडद्यावर दोन नावं आली. पहिलं तिचं. दुसरं प्रफुल. नावासमोर तो माणूस कुठे बसला आहे ते मशीन दाखवतं. तिच्यासमोर हेच टेबल होतं. त्याच्यासमोर... हेच टेबल होतं.

खुर्चीची पाठ किंचित खाली गेली. जसं कोणीतरी मागून तिच्यावर हात टेकला असावा.

"बेटा..." साहेब म्हणाले. ते तिच्या खुर्चीमागच्या ओल्या फरशीकडे पाहत होते. "बेटा, तू हालू नको..."

तेवढ्यात मोडेम बोलायला लागला. नंबर लावताना काढतो तसे टुक-टुक आवाज. रिनाने कोणाला फोन लावला नव्हता. पण रोजचे आवाज ते, कान ओळखतो. पहिले आकडे ऐकले आणि तिला कळलं, जांभुळटोला. जी आली होती तिच्या मागे मागे ते निघालं होतं. आणि तिकडे त्या ओट्यामागच्या खोलीत सुकरी एकटीच मशीनसमोर बसलेली.

"मेन स्विच पाड," साहेब पुटपुटले. "सगळं बंद कर..."

"बंद केलं म्हणून तं हे झालं, साहेब." रिना म्हणाली. आणि की-बोर्ड पुढे ओढून तिने पाहुण्यांचं दार उघडायला घेतलं. मोडेम टुक-टुक करत होता. दार उघडलं. तिने एक रिकामी फाइल केली, वर प्रफुलचं नाव लिहिलं. आता फक्त एक बटण.

मागे पाहायचं नाही, हे इतवारीने सकाळीच सांगितलं होतं. पण ज्याच्या खुर्चीवर आपण बसतो त्याला तोंड न दाखवता दगड मारून पळायचं, हे काही तिला पटेना. ती वळली. खुर्चीसकट वळली, आणि नीट वर पाहिलं.

काय पाहिलं ते तिने कोणाला कधी सांगितलं नाही. साहेबांनी फक्त तिचा चेहरा पाहिला, आणि तेवढंही त्यांना पुढे बरेच दिवस पुरलं.

"मी भुताले मानत नाई, प्रफुलभाऊ," ती हळू म्हणाली. "तुमाले मानतो. पण हे खुर्ची आता माई आहे, अन् त्या पोरी माया आहेत. त्याईच्या मांगं नाई जाचं. वाट तुमी पाडली, तं वाटेवर बसा. येता-जाता आठवण काढू..."

ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि बटण दाबलं. वाकून तार भिंतीत परत खुपसली.

तार लागायची खोटी, की मोडेमचा दिवा लुकलुकला. जांभुळटोला. मग पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. दाराबाहेर जणू थांबूनच होत्या पोरी. कवेलूंच्या छपरावर गारा पडाव्या तसे खडे पडत राहिले. पडद्यावर आता एकच नाव होतं. वास हळूहळू जमिनीत उतरल्यासारखा गेला.

साहेबांनी खिशातला कागद काढला.

"ठाण्यात द्याचा असंल तं पहिलं नाव मायं लिवा," रिना म्हणाली. "आजचा एक खडा माया हातचा आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. उठून कूलरची खिडकी सरकवली आणि कागद पाण्यात सोडला. शाई पसरली, कागदाचा लगदा झाला. त्यावर ते एवढंच म्हणाले, की नागपूरचा इंजिनियर महागाचा आहे, पुन्हा त्याला फोन करायची गरज नाही. सुकरी राहिली, बाकीच्या पोरी राहिल्या, पाहुण्यांचं दार राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिना जेवून खोलीत आली, तर तिच्या खुर्चीवर एक दगड होता. मुठीएवढा, पात्रातला, गोल घासलेला. पाण्याने चिंब, आणि त्याला सागाचं कोवळं पान चिकटलेलं. वैशाखात हिरडीचा नाला कोरडा खडखडीत असतो.

तिने इतवारीला बोलावलं. त्याने आईची शपथ घेतली, मी नाही ठेवला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. तिथूनच म्हणाला, "बाई, खडा टाकतात तो... उठू नये म्हणून टाकतात. हा तुमच्या बसाच्या जागेवर..."

रिनाने दगड उचलला. वाऱ्याने खोलीचं दार आपटायचं, त्या दाराला तो लावून पाहिला. बरोबर बसला.

"पाह्य, उठली मी," ती इतवारीला म्हणाली. "जा आता, चहा सांग."

दगड अजून त्या दाराशीच आहे. इतके उन्हाळे गेले, मोडेम गेले, तारा गेल्या, खोलीत नवी मशिनं आली, दगड काही वाळला नाही. रिना आता तिथली मोठी बाई आहे, खोली अजून तिच्याच ताब्यात, खुर्ची तीच. ती संध्याकाळी कुलूप लावून जाते, आणि सकाळी उघडते तेव्हा दगड दाराशी नसतो. आत आलेला असतो, खुर्चीकडे, मागे फरशीवर पाण्याचा बारीक माग. ती त्याला पायाने ढकलत उंबऱ्याशी नेऊन ठेवते आणि कामाला बसते. कधी चुकली नाही, कधी रजा काढली नाही.

एवढंच, की आताशा त्याला ढकलायला पाय पुरत नाही. दोन्ही हात लावावे लागतात.